देवासचे दोन राजवाडे

इंदूरहून आग्र्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरवर माळव्याच्या सपाट, काळ्या मुलुखात एकाएकी एक टेकडी दिसू लागते. टेकडीवर देवीची दोन ठाणी आहेत. एक तुळजाभवानीचे आणि दुसरे चामुंडेचे. तेथील लोक एकीला मोठी माता म्हणतात आणि दुसरीला धाकटी माता. टेकडीच्या पायथ्याशी वसलेले गाव ते देवास. वर देवी दोन, तसे खाली एके काळी राजेही दोन होते. एकाची ती थोरली पाती आणि दुसऱ्याची ती धाकटी पाती. गाव एक, बाजार एक, नदीनाले एक. पण राजवाडे दोन.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे गेलो होतो. मुले वसईकडची, माळवा त्यांना सर्वस्वी नवा. हिंदी पाट्यांच्या गर्दीत 'पवार' हे ओळखीचे नाव दिसले की ती हरखून जात. थोरल्या आणि धाकट्या पातीची हकीकत मी सांगत असता सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सिंहासन एकच असतं ना? मग एका गावात दोन राजवाडे कशाला?" मी म्हटले, "दोन भाऊ होते, म्हणून दोन राजवाडे." मुलाने मान डोलावली आणि तो पुढे निघून गेला. माझे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. शिक्षकाला स्वतःचे अपुरे उत्तर फार दिवस बोचत राहते. ते आज पुरे करावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांबरोबर जी मराठी घराणी नर्मदा ओलांडून गेली, त्यांत शिंदे, होळकर आणि पवार ही प्रमुख होत. पवारांची एक शाखा धारला स्थिरावली, दुसरी देवासला. देवासच्या शाखेचे मूळ पुरुष तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोघे बंधू, आणि १७२८ हे त्यांच्या संस्थानाच्या स्थापनेचे वर्ष समजले जाते. मिळालेला मुलूख दोघांचा मिळून होता आणि उत्पन्नही दोघांत वाटले जाई. पुढे पिढ्या बदलल्या तसे हे एकत्र नांदणे अवघड होत गेले आणि १८४१ पासून दोन्ही पात्या आपापल्या हिश्श्याचा कारभार स्वतंत्रपणे पाहू लागल्या.

आपल्याकडे भाऊ विभक्त होतात तेव्हा काय होते, हे आपण सारे जाणतो. माजघरात कूड उभा राहतो, ओसरीचे दोन भाग होतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागतात. देवासला नेमके हेच झाले. फरक इतकाच, की तेथे वाटणी एका घराची नव्हती, एका राज्याची होती. प्रत्येक पातीच्या वाट्याला सुमारे ४४० चौरस मैलांचा मुलूख. दोन्ही राजांना इंग्रज सरकारकडून सारखाच १५ तोफांच्या सलामीचा मान. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावची वस्ती अवघी १५ हजारांच्या आसपास होती. तेवढ्या लोकांसाठी दोन दरबार, दोन फौजा, पाणीपुरवठ्याच्या दोन व्यवस्था! रस्त्याच्या या बाजूचा दुकानदार एका राजाची प्रजा आणि समोरचा दुसऱ्याची.

या विलक्षण गावाचे चित्र जगापुढे ठेवले ते एका इंग्रज लेखकाने. ई. एम. फॉर्स्टर हे कादंबरीकार १९१२ सालच्या अखेरीस प्रथम देवासला आले. पुढे १९२१ मध्ये काही महिने ते थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांतली पत्रे आणि आठवणी त्यांनी १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध केल्या. नावातली टेकडी ती हीच. त्यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीच्या अखेरच्या भागातील गोकुळाष्टमीचा सोहळाही त्यांनी देवासच्या जुन्या राजवाड्यात पाहिलेल्या उत्सवावरच आधारलेला आहे.

या आठवणींत दोन वास्तू आपल्यापुढे उभ्या राहतात, आणि दोन्ही एकाच राजाच्या. एक जुना राजवाडा. तेथे गोकुळाष्टमीचा उत्सव आठ दिवस चाले. महाराज स्वतः वाद्य गळ्यात अडकवून देवापुढे नाचत. ते पाहून फॉर्स्टर यांना परमेश्वराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दाविद राजाची आठवण झाली. दुसरी वास्तू म्हणजे नवा राजवाडा. त्याचे बांधकाम वर्षानुवर्षे चालू होते. पण आरंभी बांधलेला भाग पुढचा भाग पुरा होण्याआधीच ढासळू लागला होता. हौसेने आणलेले पियानो माळव्याच्या कोरड्या उन्हाने तडकून गेले होते. विजेची महागडी सामग्री निकामी होऊन पडली होती. एकीकडे पडझड आणि दुसरीकडे बांधकाम, अशी त्या घराची अवस्था होती.

तुकोजीराव महाराज दुष्ट नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ते बुद्धिमान होते, श्रद्धाळू होते, बोलण्यात विनोदी आणि मित्रांवर जीव टाकणारे होते. छत्रपती शाहू महाराजांचे ते जावई. फॉर्स्टर यांनी अखेरपर्यंत त्यांच्यावर प्रेम केले आणि त्यांच्या पडत्या काळात इंग्रज अधिकारी त्यांच्याशी निष्ठुरपणे वागले, असेच त्यांचे मत राहिले. पण प्रेम निराळे आणि हिशेब निराळा. घरात कलह माजला, कर्ज वाढत गेले, तिजोरी रिती झाली आणि वरिष्ठ सरकारचा तगादा लागला. १९३३ च्या अखेरीस महाराज आपले संस्थान सोडून फ्रेंचांच्या अमलाखालील पाँडिचेरीस गेले आणि १९३७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. ज्याने आपल्यासाठी नवा राजवाडा बांधावयास घेतला होता, त्या राजाला मरण आले ते परक्यांच्या अमलातील गावी.

श्रोतेहो, येथे मला त्या मुलाचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. राजवाडे दोन का, हा प्रश्न वरवरचा आहे. त्याच्या पोटातला खरा प्रश्न असा आहे, की राजवाडा असतो कोणाचा? जो त्यात राहतो त्याचा, की ज्या पदामुळे तो तेथे राहतो त्या पदाचा? राजवाडा माणसाचा मानला, तर दोन भावांना दोन लागणारच. आणि चार भाऊ असते तर चारही लागले असते. राजवाडा पदाचा मानला, तर भाऊ कितीही असोत, घर एकच पुरते.

हा भेद किती मोलाचा आहे ते समजण्यासाठी क्षणभर लंडनला जाऊ. देवासच्या स्थापनेला जेमतेम चार वर्षे झाली होती. १७३२ साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याने आपले प्रमुख मंत्री सर रॉबर्ट वॉलपोल यांना डाउनिंग स्ट्रीटवरील घर बक्षीस देऊ केले. वॉलपोल यांनी ते स्वतःसाठी घेण्याचे नाकारले. खजिन्याच्या पहिल्या लॉर्डच्या पदावर जो कोणी असेल त्याच्या निवासासाठी ते असावे, या अटीवरच त्यांनी त्याचा स्वीकार केला. १७३५ मध्ये ते तेथे राहावयास गेले आणि १७४२ साली पद सुटले तेव्हा त्यांनी ते घरही सोडले. वॉलपोल काही साधुपुरुष नव्हते. पैशाच्या व्यवहारांबद्दल त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्यांनी घालून दिलेला नियम त्यांच्याहून मोठा ठरला. त्या घराच्या दारावरील पितळी पत्रपेटीवर आजही ना व्यक्तीचे नाव आहे, ना 'पंतप्रधान' हा शब्द. तेथे कोरलेली आहे ती त्या जुन्या पदाची अक्षरे. गेल्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांत त्या दारातून कितीतरी माणसे आत गेली आणि सामान बांधून बाहेर पडली. घर जागच्या जागी आहे.

मग आपल्याकडे हा विवेक नव्हताच काय? होता, परंतु तो अटींच्या कागदावर नव्हता, आचारात होता. त्याचा दाखला पाहावयाचा तर देवासहून इंदूरला परत येऊन पश्चिमेकडे सुमारे ६० किलोमीटरवरील धारला जावे लागेल. धारचा किल्ला पवारांच्या आधीचा, सुलतानी अमदानीतला. त्याच्या आत खरबुजा महाल नावाची इमारत आहे. घुमटाचा आकार खरबुजासारखा, म्हणून हे नाव.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात झाला. त्यानंतर बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध कारस्थान उभारले आणि रघुनाथरावांना पळापळ करावी लागली. त्यांची पत्नी आनंदीबाई त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना आसरा मिळाला तो धारच्या किल्ल्यात. आनंदीबाईंच्या नावाशी एका अक्षराच्या फेरफाराची कथा मराठी माणसाने कायमची जोडून ठेवली आहे. तिची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. दारात आलेली स्त्री अडलेली होती आणि घरातल्यांनी तिला आत घेतले, एवढेच आपल्याला येथे पाहावयाचे आहे. १० जानेवारी १७७५ रोजी त्याच किल्ल्यात त्यांना मुलगा झाला. तोच पुढे दुसरा बाजीराव.

या आसऱ्याची किंमत धारकरांना मोजावी लागली. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले होते. गादीवर त्यांचा पुत्र खंडेराव होता. त्याने रघुनाथरावांची बाजू घेतली म्हणून पेशवे सरकारने पवारांचा माळव्यातील मुलूख जप्त केला. आनंदीबाई आणि त्यांचे मूल स्वाधीन केल्यावरच तो परत मिळाला. राजकारणाच्या दृष्टीने धारकर चुकले असतील. परंतु राजाचे घर हे अडल्यानडल्याचेही घर आहे, ही जाणीव त्या आसऱ्यात होती, असे मला वाटते. त्या काळी राजवाड्याचा दिंडी-दरवाजा राजासाठी नसे. तो असे दाद मागणाऱ्यासाठी, रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्यासाठी.

दुःख असे, की त्या दारात जन्मलेल्या मुलाला हे उमगले नाही. दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपयांचे वेतन घेऊन त्यांनी गंगेकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, उरलेले आयुष्य काढले आणि १८५१ साली तेथेच देह ठेवला. दुसऱ्याच्या घरात जन्म आणि परमुलखात मृत्यू. मधल्या काळात जे घर त्यांच्या हाती होते ते साऱ्या मराठी राज्याचे होते, आणि ते त्यांनी आपल्यापुरते मानले.

धारच्या किल्ल्याने आणखी एक प्रसंग पाहिला. १८५७ साली गादीवर आनंदराव हा अवघा तेरा वर्षांचा मुलगा होता. बंडवाल्या शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला; ऑक्टोबरात इंग्रजांनी वेढा घातला आणि महिनाअखेर तो घेतला. पुढे संस्थानच खालसा झाले. १८६० मध्ये ते परत मिळाले. बेरसिया परगणा मात्र कायमचा गेला आणि भोपाळच्या बेगमांना देण्यात आला. त्या पोरक्या वयाच्या राजाने काय केले होते? काही नाही. परंतु राज्यकर्त्याचे घर हे साधे घर नसतेच. ते ज्याच्या हाती पडते त्याच्या हाती राज्य पडते. म्हणूनच त्याची राखण राहणाऱ्याच्या लहरीवर सोपवून चालत नाही.

राजवाडा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अखेर १९४८ मध्ये कागदावर लिहावे लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ग्वाल्हेर, इंदूर यांच्याबरोबर धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मिळून मध्यभारत संघ अस्तित्वात आला. विलीनीकरणाच्या करारात एक कलम असे होते, की प्रत्येक राजाने आपल्या खासगी मालमत्तेची यादी सादर करावी. ती सोडून उरेल ती मालमत्ता राज्याची. वरवर पाहता हे रुक्ष कारकुनी काम. पण मला त्यात इतिहासाचे एक मोठे वळण दिसते. सव्वादोनशे वर्षांत प्रथमच कोणी तरी बसून लिहून काढले, की या भिंती तुमच्या आणि या भिंती लोकांच्या. संस्थानिकांचे तनखेही पुढे १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपले.

त्याच १९४८ सालच्या जूनमध्ये दिल्लीत चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल झाले. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या त्या ३४० खोल्यांच्या प्रासादात त्यांना राहावयाचे होते. राजेशाही शयनगृह सोडून त्यांनी आपल्यासाठी पाहुण्यांकडच्या लहान खोल्या निवडल्या. प्रासाद मोठा होता, कारण पद मोठे होते; आपण मात्र त्यात पाहुणे आहोत, हे त्यांनी ओळखले होते. आज तेच राष्ट्रपती भवन आहे. दर पाच वर्षांनी तेथे निवडणूक माणूस ठरवते, आणि मुदत संपली की तो माणूस घर रिकामे करून देतो.

देवासच्या राजघराण्यानेही काळाची ही पावले ओळखली. थोरल्या पातीच्या घराण्यातील तुकोजीराव पवार, म्हणजे आपल्या कथेतील महाराजांच्याच नावाचे त्यांचे वंशज, विधानसभेवर अनेकदा निवडून आले आणि मध्यप्रदेशात मंत्रीही झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. पूर्वी ज्या घरी प्रजा मुजऱ्यास येई, त्या घरच्या माणसाला आता प्रजेच्या दारी मत मागण्यास जावे लागते. यात कमीपणा कोणाचाच नाही; उलट दोघांचाही मान वाढला, असे मी समजतो.

आणि एक गंमत पाहा. देवासचे राज्य संपले त्याच १९४८ साली क्षयाने आजारलेला एक तरुण मराठी-कानडी गवई तेथील कोरड्या हवेसाठी राहावयास आला. ते कुमार गंधर्व. कित्येक वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. १९९२ मध्ये ते गेले तोवर ते देवासचेच होऊन राहिले होते. आज महाराष्ट्रातून देवासला जाणारा मराठी माणूस टेकडीखालच्या त्यांच्या घराचा पत्ता आधी विचारतो, राजवाड्यांचा मागाहून. ते घर सर्वस्वी त्यांचे होते. त्याला मान आला तो राहणाऱ्या माणसामुळे. राजवाड्याचे नेमके उलट असते. तेथे राहणाऱ्याला मान मिळतो तो घरामुळे, म्हणजे पदामुळे. आणि उसना मान कधी तरी परत करावा लागतो, हे विसरले की देवासचा नवा राजवाडा उभा राहतो. आज आपली राजधानी असो की जिल्ह्याचे गाव असो, मंत्र्यांचे बंगले, साहेबांची निवासस्थाने लोकांच्याच पैशांनी उभी आहेत. पद गेल्यावरही बंगला न सुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या वाचताना हसू येते. पण हसण्यापेक्षा हिशेब मागणे बरे.

शेवटी एक घरगुती आठवण सांगून हे भाषण संपवितो. माझे वडीलही शिक्षक होते. शाळेच्या आवारातच, दोन खोल्यांच्या कौलारू घरात आम्ही लहानाचे मोठे झालो. ते घर आमचे नाही, हे मला कधी जाणवलेच नव्हते. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी सकाळी आईने भिंतीवरचा क्रूस उतरविला, खिळा काढला आणि त्या जागी राहिलेले भोक चुन्याने बुजविले. दोन्ही खोल्या झाडून, चूल सारवून ठेवली. मला राग आला. मी म्हटले, "आई, आता इथं दुसरे राहणार. तू कशाला एवढे कष्ट घेतेस?" आई म्हणाली, "दुसरे राहणार, म्हणूनच." बाबांनी किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली, पावती घेतली आणि आम्ही चालू लागलो.

सहावीतल्या त्या मुलाला हे उत्तर मी आता देईन. बाळ, राजवाडे दोन होते, कारण घर आपले आहे असे दोघांनाही वाटत होते. मोठ्या पदाचे घर हे आपल्या शाळेतल्या त्या दोन खोल्यांसारखे असते. नीट राहावे, दारात आलेल्याला आत घ्यावे आणि निघताना भिंतीतले भोक बुजवून किल्ली परत करावी.